पेल्याची परीक्षा

९ नोव्हें., मंगळवार

बाबा गॅलरीत फेऱ्या मारताहेत. गॅलरी ती केवढी, एक खुर्ची आणि तुळस मावली की संपली. तरी मारताहेत. चपलेचा चट-चट आवाज इथपर्यंत येतो.

अमरावतीचं घर भाड्याने देऊन आई-बाबा दिवाळीला माझ्याकडे पुण्यात, वारज्याला आले ते राहायलाच. मीच मागे लागले होते. आता मीच उशीत डोकं खुपसून बसलेय. आईला भाजीवाली मिळाली, शेजारच्या काकू मिळाल्या, तिचं रुजलं. बाबांना कोणी मिळालं नाही. आज संध्याकाळी विचारत होते, इथं माणसं कुठं बसतात? म्हटलं, ऑफिसात.

ऑफिसात रिलीज तोंडावर. लोकांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचा पगार मिळतो मला. घरी आल्यावरही डोकं तेच करत राहतं. झोप नाही.

११ नोव्हें., गुरु.

बाबांची गाडी आली ट्रान्सपोर्टने. लाल टाकीची जुनी टू-स्ट्रोक, गोणपाटात गुंडाळलेली. बाबा तिच्याभोवती फिरले, टायर दाबून पाहिले, चेन ओढून पाहिली. गुरांच्या दवाखान्यात नोकरी केलेला माणूस, बाजारात बैल बघावा तसं बघितलं. मेळघाटातल्या गावागावांत ते याच गाडीवरून फिरलेत, म्हशी बाळंत करत.

पहिल्या किकला सुरू. धुराने पार्किंग भरलं. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकी लावली, आम्हाला ऐकू येईल अशी.

बाबा हसत होते. आल्यापासून पहिल्यांदा.

१२ नोव्हें., शुक्र.

बाबा म्हणाले आईला, चल, कर्वेनगरपर्यंत चक्कर मारून येऊ. आई नाही म्हणाली. गुडघा दुखतो. काल तर जिना चढून गच्चीवर पापड घालून आली होती. बाबांनी आग्रह केला, आईने कुकर लावला.

बाबा मला सांगत होते, हिच्यासारखी भित्री बाई दुनियेत नाई. मागं बसली की सारखा खांदा दाबते. हा खांदा, तो खांदा. समोरून काही नसलं तरी. अमरावतीत मित्रांनाही हेच सांगायचे, आईच्या देखत. आई तेव्हाही काही बोलायची नाही, आजही नाही.

ते एकटेच गेले आणि लगेच परत आले. एकट्यानं काय जावं, म्हणाले.

१४ नोव्हें., रवि.

बाबांना खडखड मंडळात घेऊन गेले. माझ्या जुन्या मोटरसायकलवर मागे बसायला तयार नव्हते, पण पुण्याचे रस्ते माहीत नाहीत म्हणून बसले. अंग चोरून, दोन्ही हात मांडीवर.

मंडळ म्हणजे दर रविवारी सकाळी पुलाखालच्या टपरीवर जमणारे आम्ही दहा-बारा वेडे. अट एकच, गाडी जुनी पाहिजे. राजाभाऊ मंडळाचे मालक म्हणावे असे. धायरीची जमीन गेली, इमारती उभ्या राहिल्या, राजाभाऊंनी आलेल्या पैशातून आधी तीन मोटरसायकली घेतल्या आणि मग बायकोला सांगितलं. दुसरे केळकर. बँकेतून निवृत्त, परीक्षा घेणारे. त्यांनी बाबांना नमस्कार केला आणि म्हणाले, "आपण आठला येणार होतात. आठ वाजून गेले."

आजची बातमी: डिसेंबरची मोठी राइड चिखलदऱ्याला. बाबांच्या हातातला चहा तसाच राहिला. चिखलदरा म्हणजे त्यांचं अंगण. कुठल्या वळणावर अस्वल आडवं येतं, कुठे डिसेंबरात धुकं उतरतं, कुणाच्या घरी दही चांगलं, सगळं सांगत सुटले. टपरीवाल्यानेही भजी तळायची थांबवली. राजाभाऊ म्हणाले, "काका, तुमीच म्होरं ऱ्हावा की मग."

केळकर म्हणाले, आधी परीक्षा. पेपर, तोंडी आणि पेला. आणि ज्याने नाव सुचवलं त्याने पेल्याला मागे बसायचं.

मीच सुचवलं. सुचवताना किती बरं वाटलं.

१७ नोव्हें., बुध.

ऑफिसातून आले तर बाबा टेबलावर वही उघडून. जुने पेपर आहेत का, विचारलं. दहावीच्या पोरासारखं. केळकरांना फोन केला तर म्हणाले, आमच्याकडे गाइड निघत नाही.

तोंडीत रस्त्याची बोली विचारतात, तिची तयारी मी करून घेतली बाबांकडून.
मामा? "तुझा? दर्यापूरचा?" ट्रॅफिक पोलीस हो बाबा.
गाडी पिदडणे? "निर्दयपणे वापरणे. बैलालेही म्हणतात."
कट मारणे? "आमच्याकडे असं करत नाईत." करतात की. "करतात, पण त्याले नाव नाई देत."

आई आतून हसली. घर आज घरासारखं वाटलं.

२१ नोव्हें., रवि.

पेपर आणि तोंडी, दोन्ही पास.

पेपरात प्रश्न होता: घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये का टाकू नये? बाकीच्यांनी आजवर अर्धं अर्धं पान लिहिलंय. बाबांनी लिहिलं, "टाकून पाहा." केळकरांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि पूर्ण मार्क दिले. तोंडीत मात्र जुंपली. गाडी बंद पडून ढकलत न्यावी लागली तर काय म्हणाल, या प्रश्नाला बाबा म्हणाले, "म्हैस चारणं." केळकर म्हणाले, हे आमच्या बोलीत नाही. बाबा म्हणाले, "मंग घ्या बोलीत. तुम्ही चिखलदऱ्याले जाऊन रायले, सदाशिव पेठेत नाई."

केळकरांनी लिहून घेतलं.

उरला पेला. पुढच्या रविवारी, कात्रजचा जुना घाट. मागे बसणाऱ्याच्या एका हातात पाण्याने काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला, दुसरा हात स्वतःच्या मांडीवर. खालून वर बोगद्यापर्यंत. बोलायचं नाही, चालवणाऱ्याला हात लावायचा नाही. वर पोचल्यावर पेला बघायचा. गाडी हाताळणं कळायला याहून चांगली परीक्षा नाही, असं केळकरांचं मत. माझ्या वेळी राजाभाऊ मागे होते. त्यांचा पायजमा भिजला आणि मला पुन्हा परीक्षेला बसावं लागलं.

२५ नोव्हें., गुरु.

बाबा पार्किंगमध्ये इंग्रजी आठच्या आकारात गाडी फिरवायचा सराव करतात. सोसायटीने बोर्डावर चिठ्ठी लावली: "वाहनतळ हा वाहने उभी करण्यासाठी असतो. – सचिव." बाबा ती वाचून आले आणि म्हणाले, अक्षर चांगलं आहे.

काल खांब घासून गेले. आरसा तुटला. उजव्या बाजूचा खांब, चांगला पिवळ्या पट्ट्यांचा. म्हणाले, खांब नवा आहे. दहा वर्षं जुनी इमारत, खांब नवा कसा?

जाऊ दे. रिलीजचं टेन्शन आहे म्हणून मला सगळीकडे चुका दिसतात.

२८ नोव्हें., रवि.

बाबा पास झाले. पाण्याचा थेंब सांडला नाही.

नीट लिहून काढते, नाहीतर डोक्यात फिरत राहील.

कात्रजवरून निघालो. राजाभाऊ पुढे, केळकर मागे. बाबांच्या मागे बसून मी लहानपणानंतर पहिल्यांदाच जात होते. गिअर कधी बदलला कळायचं नाही. खड्डा यायच्या आधी वेग उतरलेला असायचा. पेल्यातलं पाणी नुसतं थरथरत होतं. मला इतका अभिमान वाटत होता की रडू येईल असं वाटलं.

मग एका ढाब्यापाशी डावीकडून टेम्पो रस्त्यावर यायला लागला. आरामात येत होता, मला केव्हाचा दिसत होता. म्हटलं, आता कमी करतील. आता करतील. बाबांचा वेग तोच. टेम्पोचं नाक रस्त्यावर आलं आणि माझा हात मांडीवरून उठून बाबांच्या डाव्या खांद्यावर पडला. आपोआप. आणि गाडी तितक्याच आपोआप हळू झाली आणि उजवीकडे सरकली. पेला हलला नाही. बाबांनी मान वळवून टेम्पोकडे पाहिलंसुद्धा नाही. हात लागला आणि त्यांचं अंग वागलं, इतकंच.

वरच्या वळणावर पुन्हा तेच. उजवीकडून स्कूटरवर दोन मुली ओव्हरटेक करत होत्या आणि बाबा खड्डा चुकवायला उजवीकडे घेत होते. मी उजवा खांदा दाबला. गाडी डावीकडे आली. मुली पुढे गेल्या, हसत.

केळकर एका वळणाने मागे होते, त्यांना काही दिसलं नाही.

बोगद्याशी राजाभाऊंनी पेला हातात घेतला, उंच धरून सगळ्यांना दाखवला आणि पिऊन टाकला. टाळ्या. बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "तू बी आईसारखीच भित्री निघाली." सगळे हसले. मीही हसले.

नियम मोडला, ते सांगितलं नाही मी.

२९ नोव्हें., सोम.

एकदा दिसलेली चूक पुन्हा करून दाखवता आली नाही तर ऑफिसात ती चूक मानत नाहीत. म्हणून आज करून पाहिलं.

जेवताना लोणच्याची बरणी बाबांच्या उजव्या कोपराशी ठेवली. ते विचारत राहिले, लोणचं कुठं आहे? आईने न बोलता बरणी सरकवून ताटासमोर आणली. इतक्या सवयीने, की तिचं तिलाही कळलं नसावं. मग बाबा बातम्या बघत होते तेव्हा मी सोफ्याच्या बाजूने हळूच हात पुढे आणला. कानापाशी, गालापाशी, आणखी पुढे. बराच पुढे आल्यावर दचकले. "काय करून रायली?" डास होता म्हटलं.

आईने पाहिलं. मान खाली घातली.

वडिलांवर असे प्रयोग करायची लाज वाटली. तरी थांबले नाही.

१ डिसें., बुध.

आईशी बोलले. बाबा खाली गाडी पुसत होते, ती मेथी निवडत होती. म्हटलं, तुला माहीत होतं.

हो, म्हणाली. सरळ.

बऱ्याच वर्षांपासून. परतवाड्याच्या बाजारात एक वासरू बाजूने आलं, यांना दिसलं नाही, तिने घाबरून खांदा दाबला. घरी आल्यावर यांनी भित्री म्हणून हसून घेतलं. तिने विचार केला, ठीक आहे, भित्री तर भित्री. मग प्रत्येक वेळी दाबू लागली. डावीकडून काही आलं की डावा, उजवीकडून आलं की उजवा. पाठोपाठ यांचं अंगही शिकलं. यांना कधी कळलं नाही. यांना वाटतं सगळ्यांना एवढंच दिसतं.

मी भडकले. डॉक्टरकडे का नेलं नाही, निदान सांगायचं तरी. एखादं पोर गाडीखाली आलं असतं तर? आईने मेथीची जुडी खाली ठेवली.

"म्हणून तं बसत होती मी मागं."

मग म्हणाली, "माझे बाबा घरी बसले होते, पाय गेल्यावर. घरी बसवलेला माणूस तू पाह्यला नाईस स्वाती. मी पाह्यला."

इथे आल्यावर का बसली नाहीस, विचारलं. म्हणाली, अमरावतीचे रस्ते तिला पाठ होते. कुठल्या गल्लीतून काय येतं ते माहीत होतं. इथे कुठून काय येईल तिला कळत नाही. आणि तिला वाटलं, ती बसली नाही की हे आपोआप सोडतील, एकट्याने जायची त्यांना आवड नाही. तेवढ्यात मी मंडळात नेलं.

बरोबर. मी नेलं.

डोळ्यांचं आणखी कोणाला कळलं नाही पाहिजे, असं ती म्हणाली नाही. उलट म्हणाली, आता तू बघ, माझा हात थकला.

३ डिसें., शुक्र.

खोटं बोलले. बाबांना सांगितलं, मंडळाला डोळ्यांचा दाखला लागतो. बाबा म्हणाले, केळकर आहे तो, मागणारच. उद्याची वेळ घेतली. त्यांनी दाढी करून ठेवली, आजच.

४ डिसें., शनि.

कोथरूडच्या डॉक्टरीणबाई. एका यंत्रात तोंड घालून बसायचं, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, बाजूला कुठे बारीक दिवा लागला की बटण दाबायचं. आधी एक डोळा, मग दुसरा. मी बाहेरच्या खुर्चीवर. बटणाचा आवाज ऐकू यायचा. टिक. टिक. मग बराच वेळ काही नाही. मग टिक.

बाहेर येऊन बाबा खुशीत म्हणाले, "एकही दिवा चुकवला नाई मी. लागला की दाबला."

मला तिथे बसवेना. पाणी प्यायचं निमित्त करून जिन्यात जाऊन उभी राहिले.

काचबिंदू. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं, केवढं उरलंय. उजव्या डोळ्यात जास्त गेलंय. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं टिकवायचं, रोज थेंब घालायचे. आणि सरळ सांगितलं, "काका, गाडी आता चालवू नका." बाबांनी कागद हातात घेतला. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, मले तं सगळं दिसते. डॉक्टर म्हणाल्या, जे दिसत नाही ते दिसत नाही हे कळत नाही काका, आजारच तसा आहे.

येताना रिक्षाने आलो. बाबा एका बाजूला बसून मान वळवून वळवून रस्त्याकडे बघत होते. आधी डावीकडे, मग उजवीकडे.

५ डिसें., रवि.

मंडळाला गेले नाही. बाबा गॅलरीत नाहीत. पलंगावर बसून आहेत. फेऱ्या मी मारतेय.

त्या चट-चट आवाजाला मी किती वैतागले होते.

८ डिसें., बुध.

रात्रीची जेवणं झाल्यावर बाबा माझ्या खोलीत आले. दारात उभे. म्हणाले, "तुझी आई... ती कधीपासून दाबून रायली होती?"

म्हणजे त्यांनी जोडलं. मी सांगितलंच नव्हतं. चार दिवस बसून जोडलं.

म्हटलं, आईलाच विचारा. ते म्हणाले, "तिले कोणत्या तोंडानं विचारू? मी तिले चारचौघांत भित्री म्हणत होतो."

मग म्हणाले, त्या खांद्यावर किती ढोरं वाचली असतील. आणि माणसं. मला जवळ जाऊन त्यांचा हात धरायचा होता. धरला नाही, आमच्या घरात तसं करत नाहीत. आता वाटतंय धरायला हवा होता.

१२ डिसें., रवि.

मंडळात जाऊन सगळं सांगितलं. खांदा दाबला, एकदा नाही दोनदा. काचबिंदू. डॉक्टर काय म्हणाल्या ते.

केळकर म्हणाले, "आपल्या परीक्षेत पाणी बघतात. नजर बघायचं कोणाला सुचलंच नाही." स्वतःवरच वैतागले होते. पेला सांडला नाही हे खरं, पण धरणाऱ्याने हात लावला हेही खरं, म्हणून परीक्षा रद्द, म्हणाले. नियम म्हणून. मग खिशातून रुमाल काढला आणि बराच वेळ नाक पुसत राहिले.

राजाभाऊंचं वेगळं. "रद्द कशापायी? म्हाताऱ्याला म्होरं न्हाय ठेवायचं. मधी घेऊ. एक गाडी डावीकडं, एक उजवीकडं. सावकाश जाऊ. घाटाची वाट त्येंनाच ठावं हाय न्हवं." मी म्हटलं, डॉक्टर नाही म्हणाल्यात. ते म्हणाले, डागतर चिखलदऱ्याला येनार हायत का?

मला राग आला आणि क्षणभर वाटलं, जमेल. हेच मला आवडत नाही, की वाटलं.

१३ डिसें., सोम.

राजाभाऊंचं म्हणणं बाबांना सांगितलं. लपवायचं आता काही नाही. बाबा म्हणाले, "मी काय नवरदेव आहो, दोन्हीकडून धरून न्यायले?" पण डोळे चमकले. मी बघत होते.

म्हटलं, माझ्या मागे बसून चला. रस्ता तुम्ही सांगा, चालवते मी. त्यावर त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

ऑफिसात रिलीज झाला. केक कापला. मी केक खाल्ला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. कशासाठी ते कोणाला सांगणार.

१५ डिसें., बुध.

डोळ्यांत थेंब आई घालते. बाबा पलंगावर आडवे, आई वाकून एका हाताने पापणी वर धरते. काल थेंब गालावर गेला तेव्हा बाबा म्हणाले, हात हलते तुझा. आई म्हणाली, "आता हलते. तेव्हा नाई हलला."

बाबा हसले नाहीत, चिडलेही नाहीत. डोळे मिटून पडून राहिले.

१६ डिसें., गुरु.

गाडीची चावी खिळ्यावर लटकलेली आहे. जाता येता दिसते. काढून माझ्या कपाटात ठेवावी, दोनदा मनात आलं. ठेवली नाही. उद्या ती तिथे नसली तर ते विचारणारही नाहीत, नुसते खिळ्याकडे बघतील. ते मला बघवणार नाही.

त्यांनी जाऊ नये असं मला वाटतं. मला त्यांना नाही म्हणणारी व्हायचं नाही. दोन्ही खरं आहे. झोप येत नाही.

राजाभाऊंचा निरोप: शनिवारी पहाटे निघायचं, काकांसाठी मधली जागा ठेवली आहे, येवोत न येवोत. केळकरांचा निरोप: "मंडळाचा निर्णय मी कळवला आहे. जागा ठेवणे हा राजाभाऊंचा खाजगी प्रश्न आहे." आणि खाली एक ओळ, वडिलांची प्रकृती कशी आहे.

१७ डिसें., शुक्र.

बाबांनी संध्याकाळी गाडी धुतली. नवा आरसा बसवून आणलाय, कधी कोणास ठाऊक. हँडलवर हात ठेवून उभे होते, बराच वेळ. मी वरून बघितलं. सुरू केली नाही.

मी माझी बॅग भरली. मी जाणार आहे का, तेही ठरलेलं नाही. भरली.

१८ डिसें., शनि.

सकाळ. हे स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहितेय.

उठले तर बाबा तयार. स्वेटर, मफलर, बूट. मांडीवर हेल्मेट, हातात चावी. आई ओट्यापाशी उभी, नुकती उठलेली, केस मोकळे. कोणी दिवाही लावला नव्हता. मी लावला.

बाबा आईला म्हणाले, "मी तुले कधी विचारलं नाई. गाडीवर कधीच नाई. आज विचारून रायलो. जाऊ का नको जाऊ? तू म्हणशील तसं."

मी आईकडे बघितलं. मला वाटलं ती पटकन नाही म्हणेल आणि सुटू आम्ही सगळे. तिने पदराला हात पुसले. पुन्हा पुसले. इतकी वर्षं तिने मागे बसून, न विचारता, न सांगता ठरवलं. आज समोरून विचारलं तर तिला शब्द सापडेना. तिला रागही आला असावा, एवढ्या उशिरा विचारल्याचा. मला तरी आला.

मग म्हणाली, "थांबा. चहा टाकते."

खाली गाड्या आल्यात. राजाभाऊंनी एकदा हॉर्न दिला, मग केळकरांचा आवाज आला, सोसायटी आहे ही. बाबा उठले नाहीत. खुर्ची फिरवून आईकडे पूर्ण तोंड करून बसलेत, ती दिसावी म्हणून. आई पातेल्यात बघतेय. चहाला अजून उकळी आलेली नाही.